काटेवालीने विमानाची शाळा कशी पारखली

…तर ती काट्यावर उभी राहिली, उतरली, पिशवीतली दोन वजनं काढून त्यावर ठेवली, आकडा वाचला आणि त्या टायवाल्या मॅनेजरला म्हणाली, "साहेब, तुमचा काटा खोटं बोलतोय."

काल इथवर सांगून झालं आणि मला डुलकी लागली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागे जातो, बाकीच्यांनी तोवर सुपारी कातरावी.

ती म्हणजे माझी थोरली सून. वय सत्तेचाळीस. काटे दुरुस्त करते. वाण्याचा काटा, भाजीवाल्याचा काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटा, आणि शहराबाहेर तो भरल्या ट्रकला तोलणारा जमिनीतला काटा, सगळे तिच्या हाताखालून जातात. बाजारात तिला नावानं कोणी ओळखत नाही, काटेवाली म्हटलं की लहान पोरसुद्धा दुकान दाखवतं. दुकान चार हात रुंद आणि वीस हात लांब, आगगाडीच्या डब्यासारखं. भिंतीला पारडी टांगलेली, टेबलावर स्प्रिंगांचा ढीग, आणि एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं ओळीनं निजवलेली. त्यांना बोट लावायची आम्हाला बंदी. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं म्हणे! मी चौथी शिकलेला माणूस. आमच्या गावच्या शाळेत मास्तर वजनमाप शिकवायचे ते वीट हातात देऊन, "सांग किती?" म्हणून. चुकलं की वीट हातातच ठेवून कोपऱ्यात उभं करायचे. त्यामुळे या बाबतीत मी सुनेशी वाद घालत नाही.

तिला विमानाचं वेड लागलं त्याला अकरा वर्षं झाली. विमानतळाच्या मालगोदामातला काटा बिघडला म्हणून तिला बोलावणं आलं होतं. तिथं एक लहानसं विमान चालवणारा माणूस कागदावर गुणाकार करत बसलेला तिला दिसला. हिनं डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "पुढं बसणाऱ्याचं वजन, मागं बसणाऱ्याचं वजन, सामान, इंधन. जे जितकं लांब ठेवलंय त्या अंतरानं गुणायचं, आणि सगळ्याचा तोल कुठं येतो ते बघायचं. तोल ठरलेल्या जागेच्या बाहेर गेला की उडायचं नाही." त्या दिवशी जेवताना हिचा घास हातातच राहिला. मला म्हणाली, "बाबा, विमान म्हणजे तराजूच की हो! फक्त आत बसायचं!"

तेव्हापासून दर काही महिन्यांनी घरात हा विषय निघायचा आणि मागे पडायचा. मुली लहान, मग मुलींच्या परीक्षा, मग माझा मोतीबिंदू. यंदा मात्र योग जुळून आला. थोरली नात नोकरीला लागली, धाकटी वसतिगृहात गेली, आणि माझी धाकटी सून, जी काट्यांचं काम हिच्याच हाताखाली शिकली, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जाऊबाई, एक वर्ष दुकान मी सांभाळते. मोजून एक वर्ष. त्यानंतर ह्यांची बदली आहे, मग मी इथं नसणार. तुम्हाला जे काय उडायचंय ते या बारा महिन्यांत उडून घ्या."

म्हणजे मंडळी, गोम अशी होती. हातात वर्ष एकच. खासगी वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर चाळीस-पन्नास तास हवेत काढावे लागतात, शिवाय लेखी परीक्षा. मन लावून शिकवणारी शाळा मिळाली तर वर्षात होतं. विमानं नादुरुस्त, शिकवणारे आज आहेत तर उद्या नाहीत, अशी शाळा मिळाली तर तेच काम तीन वर्षं रखडतं. निवड चुकली की दुकान उघडायला परत, आणि मग पन्नाशीत कोण पुन्हा डाव मांडतो? डॉक्टरांनी तिला ठणठणीत असल्याचा कागद दिला होता. तिनं निघताना त्यांच्या वजनकाट्याचा स्क्रू पिळून दिला, ते वेगळं.

माझा थोरला, म्हणजे तिचा नवरा, शाळेत गणित शिकवतो. त्यानं आसपासच्या तीन विमानशाळांचा तक्ता केला. अकरा रकाने! विमानं किती, इमारत कशी, गणवेश आहे का, कॉफी मिळते का. कॉफीलासुद्धा गुण. त्यात पहिला नंबर आला तो या टायवाल्याच्या शाळेचा. सगळी काचेची इमारत, आत शिरलं की आपल्यालाच आपण येताना दिसतो. मी तर एकाला नमस्कार केला, तो मीच निघालो.

आता काट्यापाशी परत येऊ. हिच्या पिशवीत कायम पाच-पाच किलोची दोन वजनं असतात. कुठंही काटा दिसला की ती त्याच्यावर ठेवल्याशिवाय तिच्या जिवाला चैन नाही. दागिने घालावेत तशी ही बाई वजनं घेऊन फिरते, आणि ती पिशवी वाहायचं काम माझं. दहा किलो ठेवल्यावर त्या चकचकीत काट्यावर साडेसहा उमटले.

मॅनेजर हसला. "अहो ताई, तो नुसता शोभेला आहे. उड्डाणाच्या वेळी आम्ही आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकतो."

"आणि ते आकडे कुठून येतात?"

त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "याच्यावरूनच."

"मग?"

"साडेतीन किलोनं काय विमान पडतंय होय!"

"नाही पडत," ही म्हणाली. "पण बदलाल ना उद्या?"

"बघू," तो म्हणाला, आणि आम्हाला जॅकेट दाखवायला घेऊन गेला. आजच नाव घातलं तर पाठीवर पंख काढलेलं जॅकेट भेट! माझा मुलगा ते अंगात घालून काचेत स्वतःला डावीकडून, उजवीकडून बघत राहिला. तेवढ्यात ही मागच्या दारानं विमानांच्या शेडमध्ये जाऊन आली. पत्रकात विमानं सहा. शेडमध्ये दोन धडधाकट, आणि तीन विमानांची इंजिनं काढून जमिनीवर मांडलेली.

"सहावं कुठंय?" तिनं विचारलं.

"ते यायचंय," मॅनेजर म्हणाला.

"विद्यार्थी किती?"

"चाळीस!" हे मात्र त्यानं छाती फुगवून सांगितलं.

घरी येताना नवराबायकोत जुंपली. तो म्हणाला, "एका काट्यावरून तू शाळा नापास करतेस? उद्या म्हणशील, मास्तरांच्या चपलेचा अंगठा तुटलाय, शाळा नको."

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी लक्षात ठेवलंय. म्हणाली, "काटा कोणाचाही बिघडतो. बिघडला म्हणून मी आजवर एकाही वाण्याला नावं ठेवली नाहीत. पण काटा चुकतोय असं सांगितल्यावर माणूस काय करतो, ते मी बघते. एक जण म्हणतो, थांबा, गिऱ्हाइकाला आधी पुन्हा मोजून देतो. दुसरा म्हणतो, बघू. बावीस वर्षांत दुसऱ्याकडून मी माल घेतलेला नाही. आणि दोन विमानांत चाळीस विद्यार्थी म्हणजे माझी पाळी कधी यायची, हा गुणाकार तूच करून दाखव, गणिताचे मास्तर."

मास्तरांनी बोटांवर गुणाकार सुरू केला. जॅकेटही मनातून उतरलं असावं.

दुसरी शाळा मला भारी आवडली होती, हे कबूल करतो. मालक म्हणजे मधाचं बोट. आम्हाला पाहताच म्हणाला, "काका, तुम्हीसुद्धा चला वर! आत्ता! विमान तयारच आहे." मी लगेच टोपी घट्ट केली. त्यानं वही उघडली. "ताईंचं वजन?" हिनं सांगितलं, "चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम." तो म्हणाला, "बासष्ट लिहितो, बाईमाणसाचं वजन कमीच लिहावं." मग माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "बासष्ट." आता खरं सांगायचं तर बासष्ट मी शेवटचा होतो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. पण हवेत जायची संधी समोर असताना कोण उगाच खोलात शिरतो! तो म्हणाला, "काका साठच लिहू, हिशेबाला सोपं."

माझा एक पाय विमानात होता, मंडळी. एक पाय! आणि ही म्हणाली, "बाबा, उतरा."

"अगं पण…"

"उतरा. अंदाजे मोजणारा अंदाजेच शिकवणार."

मालक मागून ओरडतोय, "ताई, सगळीकडं असंच असतं हो!" आणि ही पिशवी माझ्या हातात देऊन फाटकाकडे चालायला लागली. मी त्या विमानाकडे वळूनवळून बघत होतो, पंगतीतून उठवलेल्या माणसानं मागे पाहावं तसा.

आता राहिली तिसरी. तक्त्यात तिला सगळ्यात कमी गुण, कॉफीचा तर भोपळा. बसनं दोन तास, पुढे अर्धा तास पायी. एक आखूड धावपट्टी, बाजूला पत्र्याची शेड, दोन विमानं, एक बाक आणि पाण्याचा माठ. मुलगा म्हणाला होता, "तिथं मी येत नाही, तुमचं चालू द्या." म्हणून आम्ही दोघंच. उन्हाचा पारा चढलेला, आणि पिशवी माझ्या हातात.

शाळा चालवणारी एक साठीची बाई होती. काडीसारखी वाळलेली, मनगटाला ग्रीस, चष्म्याची दोरी गळ्यात. सगळे तिला नुसतं "बाई" म्हणत. आम्ही आलो तेव्हा ती दोन विद्यार्थ्यांना विमानाभोवती फिरवत होती. एकाला म्हणाली, "तू चाकाकडं बघितलंस की चाक बघितलंस?" तो म्हणाला, "बघितलं." ती म्हणाली, "मग हवा कमी आहे हे मला कसं दिसलं?" मला आमचे वीटवाले मास्तरच आठवले. पाय आपोआप जुळले.

माझ्या सुनेनं नमस्कार करून आपलं सगळं सांगितलं. वर्ष एकच आहे, धंदा काट्यांचा आहे, वय सत्तेचाळीस आहे. आणि विचारलं, "वर्षात होईल का?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

इतर दोघांनी छातीवर हात मारून वर्षात करून देतो म्हटलं होतं! बाईंनी शेडमधून दोन जाडजूड वह्या आणून तिच्या हातात ठेवल्या. "ही विमानांची वही. कोणत्या दिवशी किती उडालं, कधी बिघडलं, काय बदललं, सगळं आहे. ही विद्यार्थ्यांची. गेल्या वर्षी नऊ जण होते, सहा जणांचं वर्षात झालं. एकाचं आता होईल. एकाला मी स्वतः सांगितलं, बाबा रे, तू हे सोड. आणि एक प्रेमात पडून गेला. वारा-पाऊस माझ्या हातात नाही, प्रेमही नाही. वाचा आणि ठरवा."

ती बाकावर बसून वाचायला लागली. एकेका ओळीवर बोट ठेवून. मी माठातलं पाणी प्यायलो, एका विद्यार्थ्याला माझ्या मोतीबिंदूची गोष्ट सांगितली, दुसऱ्यालाही सांगितली, तरी हिचं बोट अजून वहीवरच. शेवटी वही मिटली आणि चेहरा असा खुलला, की मला वाटलं, झालं, जुळलं!

आणि नेमकं तेव्हाच तिचं लक्ष शेडच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथं जुना, दांडीवर वजन सरकवायचा काटा होता. मी मनात म्हणालो, नको गं बये, आता नको. पण स्वभावाला औषध नाही. पिशवी उघडली, वजनं ठेवली, दांडीवरचं वजन सरकवून बघितलं. पुन्हा बघितलं. खाली वाकून सांधा पाहिला. आणि तिचा रंगच उतरला. मला हळूच म्हणाली, "बाबा, हाही चुकतोय. दोन किलो कमी दाखवतोय."

"मग गप्प बस," मी कुजबुजलो. "ही शेवटची शाळा आहे. पहिल्याच दिवशी या बाईच्या काट्याला खोटं म्हणालीस तर ती तुला बसल्या बाकासकट बाहेर काढेल."

ती एवढीशी झाली होती. वर्ष तिच्या डोळ्यांसमोरून चाललेलं मला दिसत होतं. मग उठली आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, तुमचा काटा माणसामागं दोन किलो कमी दाखवतोय."

बाई थांबल्या. "कधीपासून?"

"ते काटा सांगत नाही."

कोणी हसलं नाही. बाईंनी चष्मा चढवला, काट्यापाशी आल्या, स्वतः वजनं ठेवून बघितली. आणि मग वळून अशी हाक मारली की पत्रा थरथरला. ते दोघं विद्यार्थी विमानात पट्टे बांधून बसले होते, इंजिन आता सुरू होणार. "उतरा दोघंही! सगळं सामान खाली! हिशेब नव्यानं करायचा!"

पुढचा अर्धा तास काय धांदल! फळ्यावर खडू, जुने आकडे पुसले, नवे मांडले. माझी सून एकेकाचं वजन वाचतेय, दोन किलो मिळवतेय, बाई गुणाकार करतायत. त्या दोघांचं गणित नव्या आकड्यांनीही बसलं, त्यांतल्या एकाला परवाना मिळालेला होता, ते उडाले. मग बाई म्हणाल्या, "चला, आता तुम्हाला वर नेऊन आणते. आजोबा, तुम्हालाही यायचंय?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "वजन बासष्ट."

"उभे राहा."

काय सांगू. माझी सून दांडीवरचं वजन सरकवतेय, सरकवतेय, थांबायचं नावच नाही. शेवटी म्हणाली, "ऐंशी. आणि दोन मिळवा."

"माझ्या खिशात शेंगदाणे आहेत," मी म्हणालो.

"आणि पिशवीत काय?" बाईंनी विचारलं.

"वजनं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "विमानात वजनं घेऊन निघालेली माणसं आजच पाहिली!" मग फळ्यावर आकडे मांडले आणि खडू खाली ठेवला. "टाकी भरलेली, हवा तापून विरळ झालेली, धावपट्टी आखूड. तिघं जमत नाही. आजोबा, तुम्ही खाली."

"अहो बाई, मी सकाळपासून काही खाल्लेलंसुद्धा नाही!"

"मग खा. बाकावर बसून."

म्हणून मी त्या दिवशी विमानात बसलो नाही, आणि म्हणूनच जे पाहायचं ते नीट पाहिलं. पांढरं, पंखाला ठिगळ लावलेलं ते विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, थांबलं, थरथरलं आणि पळत सुटलं. चाकं जमिनीपासून सुटली, तेव्हा माझ्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. आमच्या घरची बाई! जी मांजराला लाथ लागू नये म्हणून अंधारात पाय घासत चालते, ती झाडांच्या वर! विमानानं डावीकडं वळण घेतलं, मग उजवीकडं, मग डोक्यावरून असं सरळ गेलं, की कोणी दोरीनं ओढून नेतंय. मी टोपी काढून हलवली. वरून ती दिसली नाही असं नंतर कळलं, पण मी हलवली.

वीस मिनिटांनी उतरले. बाई आधी खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "शेवटचं सरळ जाणं तिचं होतं. नवी माणसं दांडा असा आवळतात, जसा काही बुडताना ओंडका. हिचा हात हलका आहे." आणि तिच्याकडं वळून, "कुठं शिकलीस?"

"सोनाराच्या काट्यावर," ती म्हणाली. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि हसू आवरत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई सात वर्षांची दिसत होती.

बाई बाकावर बसल्या, चष्मा पुसला आणि जरा नरमाईनं म्हणाल्या, "हे बघ, मी आधीच सांगते. पलीकडं काचेची इमारत आहे, सहा विमानं आहेत म्हणतात, जॅकेटही देतात. इथं येऊन-जाऊन तुझे पाच तास मोडणार. वर्षात होईलच अशी हमी मी देत नाही. आणि माझा काटाही चुकीचा निघाला. तरी तुला इथंच शिकायचंय?"

माझी सून तोवर कोपऱ्यात जाऊन काट्याशेजारी मांडी घालून बसली होती. सांध्याचं झाकण काढून झालं होतं. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "बाई, आधी मला बारा नंबरचा पाना द्या आणि सोमवारी पहिला तास किती वाजता ते सांगा, हा काटा मी आत्ता सरळ करून देते, फक्त आमच्या बाबांना पुन्हा त्याच्यावर चढू देऊ नका."